स्कॅनवरचे काळे ठिपके पेशींचे की लोहाचे?

आर्णी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतले एक शिक्षक विचारतात: त्यांच्या मोठ्या बाबांच्या मुलाला, वय 42, लिव्हर सिरोसिस आहे. पोटातलं पाणी दोनदा काढलं, एकदा रक्ताची उलटी झाली तेव्हा रक्ताच्या पिशव्या चढवाव्या लागल्या. एका मोठ्या शहरातल्या सेंटरचा माणूस म्हणतो, स्टेम सेलपासून (इतर पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींपासून) तयार केलेल्या लिव्हरच्या पेशी सलाइनमधून सोडू, त्या लिव्हरमध्ये जाऊन बसतील आणि तीन महिन्यांनी एमआरआयवर बसलेल्या दाखवू. खर्च सात लाख. पुरावा म्हणून आधीच्या एका रुग्णाचे 'आधी' आणि 'नंतर' असे दोन फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत. घरात दोन एकर वावर विकायची बोलणी चालली आहेत. अशा पेशी स्कॅनवर खरंच दिसतात का, आणि दिसतात तर कशा?

गुरुजी, आधी सरळ उत्तर देतो. खूण लावलेल्या पेशी स्कॅनवर दिसू शकतात, हे खरं आहे. जगभर त्यावर काम झालंय आणि इथं वर्ध्याकडे रेडिओलॉजी करायला लागण्याआधी मी अशाच एका प्रयोगशाळेत होतो. पण तुम्हाला आलेल्या फोटोत बाण मारून जे दाखवलंय, त्यावरून पेशी बसल्या असं कुणीही म्हणू शकत नाही. त्या फोटोंच्या भरवशावर वावर विकू नका.

फोटो मोबाइलवर मोठे करून बघा. पाठीच्या मणक्याच्या मागच्या बाजूला एक गोलसर पोकळी दिसेल. तिथं मज्जारज्जूभोवती पाणी असतं. 'आधी'च्या फोटोत ते पाणी काळं आहे, 'नंतर'च्या फोटोत पांढरं. म्हणजे दोन्ही फोटो एमआरआयच्या वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेत. एकाच माणसाचे, एकाच बैठकीत असे दोन फोटो कोणतंही सेंटर काढून देईल, मध्ये एकही पेशी न सोडता. पहिल्या पद्धतीत लोहाचा परिणाम फारसा जाणवत नाही. दुसरी लोहाला इतकी हळवी असते की कणाच्या खऱ्या आकारापेक्षा कितीतरी मोठा काळा डाग उमटतो.

आता लाल बाण बघा. लिव्हरमधल्या चार-पाच काळ्या ठिपक्यांवर ते मारलेत. त्याच फोटोत उजव्या कडेला, म्हणजे रुग्णाच्या डाव्या कुशीत, प्लीहा आहे, चांगलीच वाढलेली. तिच्यातही तसेच बारीक काळे ठिपके आहेत. तिथं मात्र बाण नाही.

सिरोसिसमध्ये लिव्हर गाठीगाठींचं होतं आणि त्यातल्या काही गाठींमध्ये लोह साठतं. प्लीहेत दाब वाढल्यामुळे बारीक बारीक रक्तस्राव होतात आणि मागे लोहाचे कण राहतात. त्यांना गॅम्ना-गँडी बॉडीज म्हणतात. आमच्याकडच्या एमडीच्या विद्यार्थ्याला हे तोंडी परीक्षेत विचारतात. हे ठिपके म्हणजे सिरोसिसचीच खूण आहे, उपचार केला असो वा नसो. माझ्या मते त्या रुग्णाला काहीही दिलं नसतं, तरी फोटो असाच आला असता.

एवढ्यावर उत्तर संपवता आलं असतं. पण तुम्ही विज्ञान शिकवता आणि 'दिसतं कसं' असं विचारलंय, म्हणून पुढचं लिहितो.

पेशीला स्वतःचा असा काही रंग नसतो. सोडलेली यकृतपेशी आणि मूळची यकृतपेशी एमआरआयला सारखीच. म्हणून सोडण्याआधी प्रयोगशाळेतच तिच्या पोटात एखादी खूण भरतात. जुनी आणि सर्वांत जास्त वापरलेली खूण म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण. त्याखालोखाल किरणोत्सारी इंडियम-111. दवाखान्यांमध्ये ते पांढऱ्या पेशींना लावून शरीरात दडलेला जंतुसंसर्ग शोधतात; तेच यकृतपेशींनाही लावता येतं. इंडियमचं अर्धायुष्य 2.8 दिवसांचं. म्हणजे गॅमा कॅमेऱ्यावर आठवडा-दहा दिवस माग काढता येतो, त्यानंतर नाही. तीन महिन्यांनी दाखवू म्हणणाऱ्याकडे हा मार्ग उरतच नाही. उरतं लोह.

लोहाचा हिशेब तुम्हीच फळ्यावर मांडून बघा. एका पेशीत साधारण 10 ते 30 पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे पिकोग्रॅम) लोह भरतात; 20 धरा. एका मोठ्या माणसाला 100 कोटी पेशी दिल्या, तर सगळ्या मिळून 20 मिलिग्रॅम लोह झालं. चढवलेल्या रक्ताच्या एका पिशवीत 200 ते 250 मिलिग्रॅम लोह असतं. रक्त कमी म्हणून सलाइनमधून देतात त्या आयर्न सुक्रोजच्या एका अँप्यूलमध्ये 100. तुमच्या भावाला पिशव्या चढल्या आहेत. सिरोसिसच्या बऱ्याच रुग्णांना कधी ना कधी यातलं काहीतरी मिळालेलं असतं. मग 'नंतर'च्या स्कॅनमध्ये लिव्हर काळं दिसलं, तर ते 20 मिलिग्रॅमचं की पिशवीतल्या 250 चं, हे कोण सांगणार?

गडचिरोली-चंद्रपूरकडून येणारे सिकलसेलचे रुग्ण आम्ही बघतो. ज्यांना वारंवार रक्त चढलंय, त्यांचं लिव्हर या पद्धतीच्या फोटोत पाठीच्या स्नायूपेक्षाही काळं येतं. त्यात लोहाची खूण लावलेल्या पेशी शोधणं म्हणजे अमावस्येच्या रात्री काळ्या म्हशी मोजणं.

संख्येचीही अडचण आहे. एक मिलिलिटर यकृतात ढोबळमानाने 10 कोटी यकृतपेशी असतात आणि मोठ्या माणसाचं लिव्हर दीड किलोच्या आसपास. सोडलेल्या 100 कोटींपैकी बहुसंख्य पेशी पहिल्या एक-दोन दिवसांतच मरतात. रक्तात उतरल्या उतरल्या शरीराची जन्मजात प्रतिकारशक्ती त्यांच्यावर तुटून पडते. दहा टक्के टिकल्या असं उदारपणे धरलं, तरी सगळ्या लिव्हरमध्ये त्या पसरल्यावर मूळच्या दीड हजार पेशींमागे एक पाहुणी पेशी पडते. आमच्या स्कॅनवरचा एक चौकोन साधारण दीड मिलिमीटर लांब-रुंद आणि चार मिलिमीटर जाड. त्यात नऊ लाख जुन्या पेशी आणि सहाशे नव्या. शिरेत कुठं गुठळी होऊन पेशी एकत्र अडकल्या, तर लोहामुळे ठिपका दिसतो. सारख्या पसरल्या, म्हणजे खरोखर नीट बसल्या, तर दिसायची शक्यता उलट कमी.

आणि लिव्हर हीच जागा या कामासाठी सर्वांत वाईट. लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांत कुप्फर पेशी बसलेल्या असतात. रक्तातून येणारा कचरा, मेलेल्या पेशी आणि लोहाचे कण गिळणं हेच त्यांचं काम. पाहुणी पेशी मेली की तिचं लोह कुप्फर पेशीच्या पोटात जातं आणि तिथं कित्येक आठवडे राहतं. स्कॅनवर डाग तसाच, त्याच लिव्हरमध्ये. आपल्याकडे गाई-म्हशींच्या कानाला बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला असतो. टिपेश्वरच्या बाजूला वाघाने गाय मारली आणि झुडपात बिल्ला सापडला, तर गाय कुठं गेली एवढं कळतं. ती जिवंत आहे असं कुणी म्हणत नाही. लोहाचा डाग बघून 'पेशी बसल्या' म्हणणारे नेमकं तेच म्हणत असतात.

मग लोहाची खूण अगदीच निरुपयोगी का? नाही. पहिल्या दिवशी सुई बरोबर ठिकाणी गेली का, हे ती फार छान सांगते. 2005 साली नेदरलँड्सच्या संशोधकांनी त्वचेच्या कर्करोगाच्या रुग्णांना प्रतिकारपेशी लसीसारख्या लसिकाग्रंथीत (लिम्फ नोडमध्ये) दिल्या होत्या. पेशींना लोह आणि इंडियम, दोन्ही लावलेलं. गॅमा कॅमेऱ्यावर सगळं ठीक वाटलं. एमआरआयने मात्र दाखवलं की बऱ्याच रुग्णांमध्ये सुई ग्रंथीत न जाता शेजारच्या चरबीत गेली होती. सोनोग्राफीच्या मदतीने, सराईत हातांनी टोचूनही. पेशींचा माग काढायचा तो अशा गोष्टींसाठी.

आता 'सलाइनमधून सोडू' या वाक्याकडे येतो, कारण मला सगळ्यांत जास्त खटकलं ते हेच. हाताच्या शिरेतून सोडलेली पेशी आधी हृदयात आणि तिथून थेट फुप्फुसात जाते. फुप्फुसातल्या केशवाहिन्या सात-आठ मायक्रॉनच्या, यकृतपेशी वीस ते तीस मायक्रॉनची. अडकणारच. 2011 मध्ये तेहरानच्या डॉक्टरांनी सिरोसिसच्या रुग्णांना त्यांच्याच अस्थिमज्जेतल्या मेसेन्कायमल पेशी (एक प्रकारच्या स्टेम सेल) इंडियम लावून हाताच्या शिरेतून दिल्या आणि दहा दिवस पाहिलं. आधी सगळी खूण फुप्फुसात. मग हळूहळू लिव्हर आणि प्लीहेत. आणि सर्वच रुग्णांमध्ये प्लीहेत लिव्हरपेक्षा जास्त.

यकृतपेशी द्यायच्या तर पोर्टल शिरेतून देतात, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेतून. लिव्हरची घडण बिघडलेली नसेल तर हे जमतं. 2000 साली एका मुलीला इंडियम लावलेल्या यकृतपेशी अशा दिल्या, तेव्हा बहुतेक खूण लिव्हरमध्येच गेली. तिला युरिया सायकलचा, म्हणजे रक्तातल्या अमोनियाचा नीट निचरा न होण्याचा, जन्मजात आजार होता, सिरोसिस नव्हता. सिरोसिसमध्ये पोर्टल शिरेतला दाब आधीच वाढलेला असतो. म्हणून तर पोटात पाणी होतं, रक्ताची उलटी होते. रक्ताने बाजूच्या फुगलेल्या शिरांमधून आडवाटा काढलेल्या असतात. पेशी सोडल्या तर त्याही त्याच वाटांनी लिव्हर टाळून फुप्फुसात जाऊ शकतात, आणि पोर्टल शिरेत गुठळी झाली तर आहे तेही बिघडतं.

तुमचा मूळ प्रश्न स्टेम सेलपासून बनवलेल्या यकृतपेशींचा आहे. त्या खरंच बनतात. साध्या त्वचेच्या किंवा रक्ताच्या पेशीला मागे नेऊन स्टेम सेल करण्याची युक्ती जपानच्या शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदरांच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या पेशींवर दाखवली. 2012 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यापासून केलेल्या यकृतपेशी बहुधा गर्भातल्या बाळाच्या यकृतपेशींसारख्या, अर्ध्याकच्च्या निघतात. माणसाला दिल्याची गाजलेली घटना टोकियोची. 2019 मध्ये युरिया सायकलचा आजार असलेल्या सहा दिवसांच्या बाळाला भ्रूणीय स्टेम सेलपासून केलेल्या सुमारे 19 कोटी यकृतपेशी दिल्या. बाळ मोठं होऊन वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवता येईपर्यंत रक्तातला अमोनिया आवरायचा, एवढाच उद्देश. पुढे प्रत्यारोपण झालंही. सात लाखांत सलाइनमधून मिळणारी वस्तू ती नव्हे. तुमच्या भावाला जे देतील ते बहुधा कमरेच्या हाडातून किंवा चरबीतून काढलेलं काहीतरी असेल, नाव मात्र लिव्हरच्या पेशींचं.

बिल्ल्याची अडचण सोडवायला संशोधकांनी एक सुंदर वाट काढली आहे. बाहेरून खूण भरण्याऐवजी पेशीच्या जनुकांतच एक जास्तीचं जनुक बसवायचं. त्याला रिपोर्टर जनुक म्हणतात. पेशी जिवंत असेल तरच ते चालतं, मेली की थांबतं; विभागली तर दोन्ही लेकींना मिळतं. लिव्हरसाठी मला त्यातलं सोडियम-आयोडाइड वाहकाचं जनुक सर्वांत आवडतं. हा वाहक आपल्या थायरॉइडमध्ये, लाळग्रंथींत, जठरात मुळातच असतो, लिव्हरमध्ये नसतो. त्यामुळे लिव्हरचा भाग चमकला तर ती पाहुणी पेशी. शिवाय त्यासाठी लागणारं टेक्नेशियमचं इंजेक्शन नवं नाही. नागपूरच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागांत थायरॉइड स्कॅनसाठी तेच वापरतात. अर्धायुष्य सहा तास, त्यामुळे महिन्यामहिन्याने पुन्हा स्कॅन करता येतो. विषाणूपासून घेतलेलं थायमिडिन कायनेज हे जनुकही खूप वापरलं गेलंय, मेंदूच्या कर्करोगाच्या रुग्णांतसुद्धा. पण त्याचं पेट स्कॅनचं औषध लिव्हरमधूनच पित्तात उतरतं. लिव्हर आधीच उजळलेलं असताना तिथं काय शोधणार?

या जनुकाचा खरा उपयोग जाहिरातीतल्यापेक्षा वेगळा आहे. स्टेम सेलपासून पेशी बनवताना काही पेशी कच्च्याच राहिल्या तर त्यांची गाठ होऊ शकते. टेराटोमा म्हणतात तिला. ती लिव्हरमध्येच होईल असं नाही, पेशी जिथं जाऊन पडली तिथं होईल. सगळं शरीर एका स्कॅनमध्ये बघून 'इथं काहीतरी वाढतंय' असं वेळेवर सांगणारी सोय हवी असते. कोणी मला विचारलं की या पेशींचा माग का काढायचा, तर मी हे कारण आधी सांगेन. 'बसल्या का' हे नंतर. मात्र जनुक बदललेली पेशी माणसाला देणं हा स्वतःच मोठा परवानगीचा विषय आहे, त्यामुळे यकृतपेशींच्या बाबतीत हे काम आज मुख्यतः उंदरांवर चालतं.

आणखी एक मार्ग थोडक्यात. पक्व यकृतपेशी गॅडोक्सेटेट नावाचं एमआरआयचं औषध स्वतःहून आत ओढते. वीस मिनिटांनी लिव्हर पांढरं दिसतं. लिव्हरमधल्या गाठी ओळखायला आम्ही ते वापरतो. पाहुण्या पेशीने ते ओढलं तर ती काम करतेय असं समजायला हरकत नाही, पण शेजारच्या जुन्या पेशीही तेच करतात. त्यामुळे पेशी लिव्हरबाहेर, उदाहरणार्थ लसिकाग्रंथीत ठेवल्या असतील, तरच याचा अर्थ लागतो.

माग काढण्यापेक्षा काम बघा, असं मी म्हणेन. 1998 मध्ये अमेरिकेत क्रिगलर-नज्जार हा जन्मजात काविळीचा आजार असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला दात्याच्या यकृतपेशी दिल्या. त्या लागू पडल्या हे कशावरून ठरलं? तिचं बिलिरुबिन उतरलं आणि तिला नसलेल्या एन्झाइमने तयार होणारे पदार्थ पित्तात सापडले. टोकियोत अमोनिया मोजला. तुमच्या भावाच्या बाबतीत काम बघायचं ते बिलिरुबिन, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप), अल्ब्युमिन, क्रिएटिनिन या रक्ताच्या तपासण्यांवरून. यवतमाळच्या साध्या लॅबमध्येही होतात. सेंटरला विचारा की आधीच्या रुग्णाचे हे आकडे 'आधी' आणि 'नंतर' काय होते. रंगीत बाणांचा फोटो आहे आणि आयएनआर नाही, असं कसं?

कायद्याचंही सांगून ठेवतो. आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल मंजुरीशिवाय कुठल्याही आजारावर उपचार म्हणून विकता येत नाहीत. फक्त मंजूर चाचणीत देता येतात. चाचणी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदवलेली असते, तिचा क्रमांक असतो, आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. क्रमांक मागा. सात लाख मागणारा माणूस तो देणार नाही, असं मला वाटतं. दिलाच तर मला पाठवा, मी वाचून सांगतो.

बाकी जे करण्यासारखं आहे ते लांबवू नका. सिरोसिस कशामुळे झाला हे तुमच्या प्रश्नात कुठंच नाही. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी झाली नसेल तर आधी ती करा. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात दोन्हींची औषधं सरकारी रुग्णालयातून मोफत मिळतात, आणि सिरोसिस झालेला असला तरी औषध सुरू केल्याने फरक पडतो. दारू असेल तर ती पूर्ण बंद, 'सणावाराला थोडी' हेही नाही. रक्ताची उलटी एकदा झाली आहे, म्हणजे एंडोस्कोपी करून शिरांना बँड लावलेत का, पुन्हा कधी बोलावलंय, हे कागदावर बघा. आमच्याकडे लोक पहिला बँड लावून घरी जातात आणि सोयाबीन निघेपर्यंत फिरकत नाहीत. दुसरी उलटी घरीच होते.

प्रत्यारोपणाचं विचारायला पोटविकारतज्ज्ञांकडून नागपूरला पाठवून घ्या. मृत दात्याच्या लिव्हरसाठी विदर्भातली यादी नागपूरचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र बघतं. घरातून कुणी द्यायचं ठरलं, तर नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खे बहीण-भाऊ, आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. तुम्ही चुलत; तुम्हाला द्यायचं असेल तर प्राधिकार समितीची परवानगी लागेल. मिळत नाही असं नाही, पण कागद लवकर सुरू करावे लागतात.

भावाचा आधी कधी एमआरआय झाला असेल तर फोटो नको, जिथं तो काढला तिथून सीडी मागून घ्या. सीडीतल्या फाइलमध्ये स्कॅनची तारीख, मशीन आणि कोणत्या पद्धतीने काढला हे सगळं नोंदलेलं असतं. सीडी, रक्ताचे सगळे रिपोर्ट आणि कोणत्या तारखेला किती पिशव्या चढल्या त्याचा कागद घेऊन या. दवाखान्यातून सुटी मिळताना दिलेल्या कार्डावर पिशव्यांचा उल्लेख असतो.